दख्खनच्या पठारावर होडी बांधताना

हैदराबादहून समुद्र गाठायचा तर मच्छलीपट्टणपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर जावं लागतं. तरी हे शहर पाण्याला परकं नाही. मधोमध 1562 साली बांधलेला हुसेनसागर आहे, पश्चिमेला 1908 च्या मुसीच्या महापुरानंतर उभे राहिलेले उस्मानसागर आणि हिमायतसागर आहेत, आणि आसपासच्या गावागावांत जुने तलाव आहेत. जुलैत वारा सुटला की हुसेनसागरावर शिडांच्या छोट्या होड्यांच्या शर्यती रंगतात. आयएनएसव्ही तारिणी या शिडाच्या नौकेवरून 2017-18 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या सहा नौदल अधिकाऱ्यांपैकी ऐश्वर्या बोड्डपाटी या हैदराबादच्याच.

तरी घरी होडी बांधतोय म्हटलं की ऐकणारा थबकतो. मी सुतार नाही, कोकणातला नाही, आमचं मूळ नांदेडकडचं. हैदराबादेत काचीगुड्यातल्या जुन्या घराच्या अंगणात मी आठ फुटी लाकडी होडी बांधली. त्या कामात जे हाताला कळलं ते इथे मांडतो आहे. समुद्रापासून लांब, कोरड्या हवेत, शेजारीपाजारी होडीचं काम जाणणारं कुणी नसताना ज्याला हे करायचं आहे, त्याच्यासाठी हे लिहिलं आहे.

1. आधी पाणी बघावं, मग होडी ठरवावी

होडी म्हटलं की डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतो तो कोकणातला मचवा: उंच नाळ, निमुळता तळ, मोठं शीड. तो आकार देखणा आहे, पण तो समुद्राने घडवला आहे. मचव्याला लाटेवर चढायचं असतं. आपल्या तलावात एरवी लाट वीतभरही उठत नाही. काठाला मात्र चिखल असतो, खडक असतात, बेशरमाची झुडपं आणि जलपर्णी असते. इथे सपाट तळाची, घोटाभर पाण्यातही तरंगणारी होडी हवी.

इथल्या लोकांनी हे केव्हाच ओळखलं आहे. कृष्णा आणि तुंगभद्रेवर चालणारी पुट्टी पाहावी. बांबूची गोल विणलेली मोठी टोपली, तिला बाहेरून पूर्वी कातडं लावत, आता डांबर फासलेलं कापड किंवा प्लास्टिक लावतात. तिला पठाण, म्हणजे तळाचा कणा, नाही, नाळ नाही, तरी नदीतल्या खडकांमधून ती माणसं आणि सामान पार करते. तेलंगणातल्या गावतलावांवर तर मासेमार थर्माकोलच्या जाड तुकड्यांचा तराफा करतात आणि त्यावर बसून जाळी टाकतात. यांतला कुठलाही प्रकार उचलून तसाच करा असं मी म्हणणार नाही. पण होडीचा नकाशा निवडण्याआधी एक सकाळ अशा तलावाच्या काठावर काढली तर कोणती होडी नको, हे नक्की कळतं.

मी निवडली ती पुढे-मागे दोन्हीकडे आखूड उभी फळी असलेली, सपाट तळाची, वल्ह्यांची होडी. हुसेनसागरावर मुलं ज्या ऑप्टिमिस्टवर शीड हाकायला शिकतात, तिची ही जवळची नातेवाईक. ऑप्टिमिस्टचा आराखडा क्लार्क मिल्स यांनी 1947 मध्ये अमेरिकेत, फ्लोरिडात केला. स्वस्तात, घरच्या घरी, बापलेकांना बांधता यावी म्हणून त्यांनी ती 8 बाय 4 फुटांच्या प्लायवुडमध्ये बसवली. तिची लांबी 2.36 मीटर, प्लायच्या शीटची 2.44. शीटच्या मापात होडी बसली की लांबीत जोड द्यावा लागत नाही, आणि पहिल्याच होडीत जोड टळला तर फार मोठी कटकट टळते. जोड द्यावाच लागला तर दोन्ही टोकं तिरकी रंधून एकमेकांवर चढवतात, उताराची लांबी जाडीच्या आठपट. 6 मिलिमीटरच्या प्लायला जवळजवळ 5 सेंटिमीटरचा उतार एकसारखा उतरवणं हे मुरलेल्या हाताचं काम आहे.

2. दाराचं माप

होडीची रुंदी ठरवण्याआधी फाटक, जिना आणि बोळ मोजा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर लिफ्ट विसरा. गच्चीवर बांधलेली होडी दोराने खाली सोडावी लागते, पार्किंगमध्ये बांधायची तर सोसायटीला आधी विचारावं लागतं. नेणार कशातून, हेही आत्ताच ठरवा. छोट्या टेम्पोत आठ फुटी होडी सहज मावते, बारा फुटी मागे लोंबते.

3. पुठ्ठ्याची होडी

खऱ्या लाकडाला करवत लावण्याआधी नकाशातले सगळे तुकडे एकास दहा प्रमाणात जाड पुठ्ठ्यातून कापावेत आणि चिकटपट्टीने जोडावेत. एका संध्याकाळचं काम. कागदावर सरळ दिसणारी बाजू वळवल्यावर कशी फुगते, तळ पुढे किती उचलला जातो, हे हातात धरल्याशिवाय समजत नाही. कोणता तुकडा कशाला मिळतो, तेही इथेच पक्कं होतं. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर मी डावं-उजवं, वर-खाली असं लिहून ठेवलं होतं. प्लाय कापताना तेच तुकडे समोर भिंतीला टाचले, आणि नकाशा उघडायची वेळ फारशी आली नाही.

हे पोरखेळाचं काम समजू नये. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून नौदलाने जी शिवलेली नौका बांधून घेतली, तिच्याही छोट्या प्रतिकृतीची चाचणी आधी आयआयटी मद्रासला पाण्यात झाली होती. त्या नौकेबद्दल पुढे सांगतो.

4. लाकूड

या बाबतीत माझं मत ठाम आहे: दख्खनच्या पठारावर पहिली होडी अखंड फळ्यांची बांधू नये.

फळ्यांची होडी टिकते, यात शंका नाही. मुंबईच्या गोदीत 1817 साली सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये तरंगतं आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. जगात असं करणारे ते पहिले. त्यांची 32 फुटी सुहेली मुंबईतच, सागवानात बांधलेली. पण ही जहाजं पाण्यात राहतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि फळ्यांमधल्या फटी आपोआप दाबून बसतात. कोकणात जून-जुलैच्या मासेमारीबंदीत नावा किनाऱ्यावर ओढतात तेव्हाही हवा दमट असते, वर झापांचं छप्पर असतं, आणि तेलपाणी वेळच्या वेळी होतं. आपली होडी महिन्यातले बहुतेक दिवस अंगणात असणार. एप्रिल-मेची इथली कोरडी हवा फळी आडवी आकसवते, सांधे उघडतात, आणि पाण्यात टाकल्याबरोबर पाणी आत येतं.

म्हणून प्लाय. त्यातही दुकानदार वॉटरप्रूफ म्हणतो त्यावर जाऊ नका. शीटवरचा छाप वाचा. आयएस 303 हा घरच्या फर्निचरचा. होडीला आयएस 710, म्हणजे मरीन प्लाय. या प्रकारातल्या प्लायचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासायचा असतो, थर सुटता कामा नये. छाप खोटाही असू शकतो. दुकानातून वीतभर तुकडा मागून आणला आणि स्वयंपाकघरातल्या जुन्या पातेल्यात दिवसभर उकळला तर खरंखोटं घरीच कळतं. तुकडा वाळला की कोपऱ्यात पटाशी घालून थर उचलून पाहायचे. चांगल्या प्लायचा थर सुटत नाही, लाकूडच फाटतं.

दुसरी परीक्षा कडेची. शीट उभी करून चारही कडा उजेडात पाहा. आतल्या थरांत फट दिसली तर तिथून पाणी कायमचं आत शिरणार. मग शीट आडवी टाकून बोटाच्या पेराने ठोकत जा. जिथे आवाज बदलून पोकळ येतो, तिथे आत थर नाही. राणीगंजच्या दुकानात असं ठोकत बसलं की गडी कुरकुरतात. त्यांना कुरकुरू द्यावं.

आणखी एक. आपल्याकडचा मरीन प्लाय वजनदार असतो. 6 मिलिमीटरची पूर्ण शीट बारा किलोच्या आसपास भरते. परदेशी नकाशात ज्या वजनाचा हिशेब केलेला असतो तो हलक्या आफ्रिकी लाकडाचा असतो, त्यामुळे आपली होडी त्यापेक्षा जड होणार हे धरून चालावं. माझी वल्ही सोडून चाळीस किलोच्या घरात गेली, दोघांनी उचलण्याइतकी.

अखंड लाकूड लागतं ते काठाच्या पट्टीला, बैठकीला आणि वल्ह्यांना. इथे हैदराबादकर नशीबवान आहेत, कारण बल्लारशाचं सागवान इथल्या वखारींत येतं. अयोध्येच्या राममंदिराची दारंही याच सागवानातून, इथल्याच एका वखारीने केलेली. पट्टी निवडताना डोळ्याजवळ धरून लांबीत पाहावी. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावली पाहिजे. मध्येच कडेला निघून जाणारी रेषा असेल तर वळवताना पट्टी तिथेच मोडते.

5. शिवण

होडी तिच्या सांध्यांत असते. फळ्या कापायला थोडा वेळ लागतो, सांधायला खूप.

मघाच्या शिवलेल्या नौकेकडे येतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं एक जहाज रंगवलेलं आहे. अजिंठा स्वातंत्र्याआधी हैदराबाद संस्थानात होता. गुलाम यझदानी प्रमुख असलेल्या संस्थानच्या पुराणवस्तू खात्याने ती चित्रं जपली, आणि इथल्या पब्लिक गार्डनमधल्या संग्रहालयात त्या चित्रांच्या प्रतिकृतींचं दालनही आहे. त्याच जहाजावरून प्रेरणा घेऊन गोव्यात होडी इनोव्हेशन्स या कंपनीने केरळच्या बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांकडून एक नौका बांधली. एकही खिळा न मारता, फळ्यांना भोकं पाडून, काथ्याच्या दोरीने शिवून. सांध्यात काथ्या आणि राळ. मे 2025 मध्ये कारवारला ती आयएनएसव्ही कौंडिण्य म्हणून नौदलात आली. डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी 2026 मध्ये मस्कतला पोचली. शिवलेला सांधा थोडा हलतो, लाटेचा मार सोसतो. खिळ्याने जखडलेली फळी तिथेच चिरते.

ज्या पद्धतीने घरी प्लायची होडी बांधतात ती याच शिवणीची धाकटी बहीण आहे. इंग्लंडमध्ये 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांनी मिरर नावाची छोटी होडी या पद्धतीने आखली, एका दैनिकाने तिचा प्रसार केला, आणि साध्या घरांतल्या माणसांनी आपापल्या गॅरेजमध्ये तशा हजारो होड्या बांधल्या. आधी सांगाडा, मग त्यावर फळ्या, हा नेहमीचा क्रम यात नाही. तळ, बाजू आणि उभ्या फळ्या कापायच्या, कडेपासून सेंटिमीटरभर आत बारीक भोकं पाडायची, आणि तांब्याच्या तारेने टाके घालायचे. विजेच्या जुन्या वायरीतली तार चालते.

हे काम बारकाईने सांगण्याजोगं आहे. दोन कडा एकमेकींना टेकवून भोकातून तार बाहेरून आत, आतून बाहेर घ्यायची आणि बाहेर दोन पीळ द्यायचे. पहिल्या फेरीत घट्ट करायचं नाही. सगळे टाके सैल ठेवायचे. तेव्हा होडी नुसती लोंबत असते. तळ एकीकडे, बाजू दुसरीकडे, काहीच जुळत नाही असं वाटतं. मग मध्यापासून सुरुवात करून एक टाका डावीकडे, एक उजवीकडे असा थोडा थोडा पीळ वाढवत टोकांकडे जायचं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला प्लाय कुरकुरतो, बाजू बाहेर फुगते, आणि सपाट शीटच्या तुकड्यांतून होडी उभी राहते. पुठ्ठ्यावर पाहिलेलं असूनही मी त्या वेळी काम थांबवून नुसता बघत राहिलो.

इथेच थांबून मोजायचं. समोरच्या कोपऱ्यापासून मागच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत दोरी धरायची, मग दुसरीकडून. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. पुढच्या आणि मागच्या फळीवर एकेक काठी आडवी ठेवून दुरून पाहायचं. दोन्ही काठ्या समांतर दिसल्या नाहीत तर होडी पिळली आहे, आणि पिळलेली होडी जन्मभर एका बाजूला ओढते. टाके सैल आहेत तोवर हे एका हाताने दुरुस्त होतं. सांधे जोडणारी इपॉक्सी वाळल्यावर करवतीशिवाय उपाय नाही.

मग आतल्या कोपऱ्यांत लांबी भरायची. इपॉक्सीत अगदी बारीक चाळलेला लाकडाचा भुसा कालवून ती टांगलेल्या चक्क्याइतकी घट्ट करतात. चमचा उलटा केला तरी गळता कामा नये. ती कोपऱ्यात ओढून चमच्याच्या पाठीने गोलाई द्यायची, वर काचेच्या कापडाची पट्टी बसवून इपॉक्सीने भिजवायची. हे वाळलं की तारा कापून काढतात, बाहेरची कड कानशीने गोल करतात, आणि बाहेरूनही काचेची पट्टी चढवतात. गोल करणं टाळू नये. काचेचं कापड धारदार कोपऱ्यावर बसत नाही, खाली हवा राहते, आणि पहिल्या दगडावर तो भाग सोलून निघतो.

6. इपॉक्सी आणि इथला उन्हाळा

फायबरच्या कामाच्या दुकानात जी स्वस्त पॉलिएस्टर रेझिन मिळते ती लाकडाला नीट धरत नाही. इथे पैसे वाचवू नका. लाकूड आणि इपॉक्सी यांची जोडी किती भरवशाची आहे याचं आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे नौदलाची म्हादेई ही शिडाची नौका. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ती बांधली, सीडरच्या पट्ट्यांवर काचेचं कापड आणि इपॉक्सी चढवून. तिच्यावरून कॅप्टन दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय.

पण डब्यावरच्या सूचना थंड देशांतल्या हवेसाठी लिहिलेल्या असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्म्यावर येतो. पंचवीस अंशांना अर्धा तास मिळत असेल तर इथल्या उन्हाळ्यातल्या दुपारी दहा मिनिटंही हाती राहत नाहीत. शिवाय ती वाळताना स्वतः उष्णता सोडते. उभ्या पेल्यात बरंच मिश्रण तसंच ठेवलं तर ते उकळतं, धूर येतो, प्लास्टिकचा पेला वितळतो. म्हणून एका वेळी थोडंच कालवावं आणि लगेच पसरट ताटलीत ओतावं. पातळ थरातली उष्णता निघून जाते, काम करायला वेळ मिळतो. हार्डनर, म्हणजे इपॉक्सीत मिसळायचा दुसरा भाग, मंद वाळणारा मागून घ्यावा. प्रमाण डोळ्यांनी ठरवू नये, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरावा. हार्डनर जास्त घातला तर लवकर वाळेल, ही समजूत चुकीची आहे. प्रमाण बिघडलं की ती कायमची चिकट राहते.

पावसाळ्यात दुसरी अडचण. दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो. तो न काढता वर दुसरा थर चढवला की सुटून येतो. साधं पाणी आणि भांडी घासायचा स्क्रबर, एवढ्यावर तो निघतो. आधी धुवायचं, मग घासायचं. उलट केलं तर पापुद्रा थरातच चोळला जातो.

रंगाचंही इथेच सांगतो. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, तिच्यावर रंग किंवा उन्हाला टिकणारं व्हार्निश हवंच. गडद निळा, काळा, मरून हे रंग होडीला शोभतात, पण मे महिन्यात अंगणात पालथ्या ठेवलेल्या गडद होडीवर हात ठेवून पाहा, हात टिकत नाही. घरच्या हवेत वाळलेली इपॉक्सी तेवढ्या उष्णतेत नरम पडू लागते. दख्खनमध्ये होडीला पांढरा किंवा फिका रंग द्यावा.

7. हातमोजे आणि मास्क

इपॉक्सी अंगाला लागत राहिली तर कातडीला तिचं वावडं जडतं, आणि एकदा जडलं की जन्मभर जात नाही. चांगले कारागीर यामुळे काम सोडून बसलेले आहेत. हातमोजे प्रत्येक वेळी. लागलीच तर साबण-पाणी किंवा व्हिनेगर, थिनर कधीच नाही. थिनर तिला कातडीच्या आत नेतो. घासताना उडणारी भुकटी दिसत नाही तरी फुप्फुसात जाते, त्यामुळे नुसता रुमाल बांधून भागत नाही.

8. उस्ताद

सगळं एकट्याने करायचा हट्ट धरू नये. आमच्या गल्लीच्या टोकाला दारं-खिडक्या करणारे एक वयस्कर सुतार बसतात, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. होडी त्यांनी जन्मात बांधलेली नव्हती. पण रंधा कसा धरायचा, पाती किती बाहेर काढायची, सागवानाची रेषा कुठल्या बाजूने उठते, हे मला पुस्तकातून येणार नव्हतं. काठाच्या पट्टीला गोलाई देताना माझा हात जोर करत होता. ते स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "कैकू जल्दी करते साब? लकडी कहीं भागती नै." मग स्वतः उठले, रंधा घेतला आणि नुसत्या मनगटाने पट्टीभर एकच लांब छिलका काढला, अखंड, कागदासारखा. तो छिलका मी उजेडाकडे धरला तर पलीकडची बोटं दिसली.

त्यांनी शिकवलेलं दुसरं म्हणजे धार. कामाला बसण्याआधी पटाशी आणि रंध्याची पाती दगडावर घासून घ्यायची, मग काम हलकं जातं. बोथट पटाशी जोर मागते, आणि जोर लावला की ती निसटून हातात शिरते. शिकंजे त्यांच्याकडून उसने घेतले. सांधा चिकटवताना शिकंजे नेहमी कमीच पडतात. अशा माणसाला कामाचे पैसे द्यावेत, आणि होडी पाण्यात उतरते त्या दिवशी त्यालाही बोलवावं. उस्ताद आले होते, नातवाला घेऊन.

9. तरंगण्याचं गणित

होडीने एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो वजन तरलं. सपाट तळाच्या आठ फुटी होडीचा पाण्याला टेकणारा भाग दोन चौरस मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ती एक सेंटिमीटर खाली गेली की वीस किलो पेलते. चाळीस किलोची होडी आणि सत्तर-सत्तर किलोचे दोघं मिळून 180 किलो. होडी नऊ सेंटिमीटर बुडेल. बाजूची उंची यावरून ठरवता येते, आणि किती जणांना बसवायचं हेही. हे आकडे मी बैठकीखाली रंगाने लिहून ठेवले आहेत, म्हणजे अजून एकाला घ्या असा आग्रह कुणी केला तर दाखवता येतात.

याच हिशेबाने पुढच्या आणि मागच्या बैठकीखाली बंद पेट्या कराव्यात. शंभर लिटरची हवाबंद पेटी होडी पाण्याने भरली तरी शंभर किलोच्या आसपास वजन धरून ठेवते. पेटीला छोटं झाकण ठेवावं आणि घरी आणल्यावर ते उघडावं. आत साचलेला ओलावा लाकूड कुजवतो.

वजन किती यापेक्षा ते किती उंचावर आहे हे जास्त महत्त्वाचं. हुसेनसागराच्या मधोमध उभी असलेली बुद्धमूर्ती 1990 च्या मार्चमध्ये बार्जवरून नेताना बार्ज कलंडला. माणसं दगावली, मूर्ती तळाशी गेली आणि 1992 च्या डिसेंबरात वर काढली गेली. होडीत बसलेला माणूस उभा राहिला की तेच बळ छोट्या प्रमाणात कामाला लागतं. होडीत वाकून, काठ धरून, मधून चालायचं. मुलांना हे जमिनीवर ठेवलेल्या होडीतच शिकवावं.

10. पाण्यात उतरवणं

हुसेनसागरावर शिडाच्या होड्या चालतात त्या क्लबांच्या आणि लष्करी संस्थेच्या शिस्तीत. घरची होडी उचलून तिथे टाकता येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांवरही नको. मोटार बसवायची असेल तर 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. वल्ह्यांच्या होडीसाठी गावतलाव उत्तम, पण तलावावर मासेमारांच्या सहकारी संस्थेचा हक्क असतो. त्यांना आधी भेटावं. आम्ही मेदककडच्या एका तलावावर गेलो तेव्हा तिथल्या मासेमारांनी पाण्याखाली बुडालेली झाडं कुठे आहेत आणि जाळी कुठे टाकली आहेत हे आधी दाखवलं, आणि मगच होडी पाण्यात ढकलायला हात लावला. नारळ त्यांनीच आणला होता.

पहिल्या दिवशी होडी काठाशी दोराला बांधूनच ठेवावी. आधी रिकामी, तासभर. मग आत बसून सांध्यांवर बोट फिरवावं, ओल लागते का पाहावी. मग कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम काठावर वजन टाकून ती उलटवावी, पेट्या काम करतात का ते बघावं, आणि पाणी उपसून पुन्हा चढता येतं का तेही. हे सगळं लाइफ जॅकेट घालून, पोहता येत असलं तरी. शेततळ्यात मात्र ही चाचणी करू नये. प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही आणि काठ चढता येत नाही. मराठवाड्यात शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो.

11. हंगाम

हैदराबादेत या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने. हवा कोरडी असते, पण उन्हाळ्यासारखी जाळत नाही, आणि इपॉक्सी शांतपणे वाळते. पावसाळ्यात नकाशा, पुठ्ठ्याची होडी आणि तलावांच्या फेऱ्या उरकून घ्याव्यात. दसऱ्याला प्लाय आणावा, तो सपाट, जमिनीपासून उचलून ठेवावा, दिवाळीनंतर करवत लावावी. शिवण आणि काचेचं काम संक्रांतीच्या आसपास संपवावं. रंग शिवरात्रीच्या आत झाला पाहिजे, कारण त्यानंतर दुपारी अंगणात उभं राहवत नाही. या क्रमाने गेलात तर पुढच्या पावसाने तलाव भरतील तेव्हा तुमची होडी तयार असेल. लाइफ जॅकेट मात्र प्लाय आणाल त्याच दिवशी घेऊन ठेवा, घरातल्या प्रत्येकाच्या मापाचं.